गाडीची सीट आणि दुखरी कंबर

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरच्या फूड मॉलपाशी रविवारी संध्याकाळी घटकाभर उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. गाडी थांबते, मागच्या सीटवरची मुले वडापावच्या दिशेने धूम ठोकतात आणि चालकाच्या बाजूने मात्र प्रथम एक पाय, मग दाराच्या चौकटीला घट्ट धरलेला हात आणि क्षणभर वाकलेल्या अवस्थेतच थबकून उरलेला माणूस बाहेर येतो. कंबरेवर हात ठेवून तो हळूहळू सरळ होतो. दोष दिला जातो तो रस्त्याला, वयाला किंवा सीटच्या कडकपणाला. घरी परतल्यावर पहिली खरेदी होते ती जाड, मऊ उशीची आणि पुष्कळदा दुखणे कमी होण्याऐवजी वाढते.

याचे कारण सीटवर बसलेल्या शरीराच्या रचनेत आहे. आपण उभे असतो तेव्हा कंबरेतील पाच मणक्यांची रांग पुढच्या बाजूस किंचित कमानदार असते. बसताच डॉक्टर ज्याला पेल्विस म्हणतात तो कटिभाग मागे कलतो आणि ती कमान सपाट होते, प्रसंगी उलटी होते. मणक्यांमधल्या चकत्यांवर पुढच्या बाजूने दाब वाढतो, तर मागचे अस्थिबंध ताणले जातात. कार्यालयातील खुर्चीत निदान दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असतात आणि शरीराचा काही भार ते पेलतात. गाडीत तीही सोय नाही. पाय पुढे लांबवलेले असल्यामुळे मांडीमागचे स्नायू कटिभागाला आणखी मागे ओढतात. त्यातच उशी मऊ असेल, तर बसण्याचा भाग तीत रुततो, गुडघे वर येतात आणि कंबर गोल होते. पहिली दहा मिनिटे हे सुखाचे वाटते. दुकानात उशी दाबून पाहणाऱ्याची फसगत होते ती नेमकी याच दहा मिनिटांत.

स्वीडनमधील अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात प्रत्यक्ष चकतीत सुई घालून तिच्यातला दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा आधाराविना बसताना तो जास्त असतो, असे त्यांना आढळले. त्यांच्या आकड्यांचा तक्ता आजही अनेक फिजिओथेरपिस्टांच्या भिंतीवर दिसतो. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतील विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत संवेदक बसवून मोजमाप केले, तेव्हा सैलावून बसताना आणि उभे असताना दाबात फारसा फरक दिसला नाही. म्हणजे 'बसणे हेच विष' असे सरसकट म्हणता येत नाही. कसे बसतो, यावर बरेच अवलंबून आहे. १९७४ साली अँडरसन, नाखेमसन आणि सहकाऱ्यांनी खास मोटारचालकाच्या सीटचाच अभ्यास केला होता. सीटची पाठ मागे कललेली आणि कंबरेच्या पोकळीत आधार, या जोडीने चकतीवरचा दाब कमी होतो, हा त्याचा निष्कर्ष. आज गाड्यांच्या जाहिरातींत 'लम्बर सपोर्ट' म्हणून जे मिरवले जाते, त्याचा पाया हा आहे.

वाहन चालवल्याने चकत्या झिजतात का, हा प्रश्न कंबरदुखीचा प्रत्येक रुग्ण विचारतो. १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या केल्सी आणि हार्डी यांच्या अभ्यासात, कामाचा निम्मा किंवा अधिक वेळ वाहन चालवणाऱ्या पुरुषांत चकती सरकण्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला होता. मात्र २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या फिनलंडच्या अभ्यासात एकसारख्या जुळ्या भावांची तुलना केली गेली. एकाने आयुष्यभर पुष्कळ वाहन चालवलेले, दुसऱ्याने थोडेच. दोघांच्या चकत्यांच्या झिजेत लक्षणीय फरक दिसला नाही. तेव्हा एमआरआयचा अहवाल हाती पडताच गाडी विकायला काढण्याचे कारण नाही. पण कंबर आधीच दुखरी असेल तर चुकीची बैठक ती वेदना वाढवते, हे मात्र प्रत्येक रुग्ण अनुभवाने जाणतो.

सुरुवात खालून

बहुतेक जण सीट जुळवताना प्रथम पाठ मागे-पुढे करतात. क्रम उलटा हवा. आधी मागच्या खिशातले पाकीट बाहेर काढावे. जाड पाकिटावर बसल्याने कटिभाग एका बाजूला तिरका होतो आणि तासभर तसाच राहतो. मग बसण्याचा भाग सीटच्या अगदी मागच्या कोपऱ्यापर्यंत सरकवावा. ही एक गोष्ट साधली नाही, तर पुढचे सारे उपाय व्यर्थ ठरतात, कारण पाठ आणि सीट यांच्यातल्या मोकळ्या जागेत कंबर कोसळतेच.

यानंतर सीट पुढे-मागे करावी. आपल्याकडे अजूनही बऱ्याच गाड्यांना क्लच आहे, म्हणून कसोटी डाव्या पायाची. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा आणि कंबर सीटपासून सुटू नये. सीट फार मागे असेल तर दर वेळी क्लच दाबताना कटिभाग पुढे घसरतो. सायन ते ठाणे किंवा स्वारगेट ते हडपसर अशा वाहतुकीत ही घसरण शंभरदा तरी होते आणि दुखणे एकाच बाजूला का, याचे उत्तर अनेकदा तिथे सापडते. २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओबरोबर क्लचविना चालणारी स्वस्त ऑटोमेटेड गिअर यंत्रणा छोट्या गाड्यांत आली. तिची चर्चा 'मायलेज'च्या अंगानेच अधिक झाली. डाव्या पायाच्या सायटिकेने बेजार झालेल्यांसाठी तिचे मोल वेगळेच आहे.

सीटची उंची बदलता येत असेल, तर नितंब गुडघ्यांच्या पातळीत किंवा थोडे वर येतील इतकी ती घ्यावी. डोके आणि छत यांत मुठीएवढे अंतर राहिले म्हणजे झाले. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटे मावावीत.

आता पाठीची पाळी. ती बैठकीशी सुमारे १०० ते ११० अंशांचा कोन करील इतपतच कलवावी. काटकोनात बसणे शिस्तीचे दिसते, पण कंबरेला ते मानवत नाही. याउलट आरामखुर्चीसारखे रेलले, तर स्टेअरिंगपर्यंत पोहोचण्यासाठी मान आणि खांदे पुढे ताणावे लागतात. शिवाय धडकेच्या वेळी शरीर पट्ट्याखालून पुढे निसटण्याचा धोका असतो. साधी चाचणी अशी : खांदे सीटला टेकलेले ठेवून हात पुढे केला, तर मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर विसावले पाहिजे. त्याच वेळी छातीचे मधले हाड आणि स्टेअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवे. जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली आहे आणि ती उघडायला तेवढी जागा लागते.

आरसा सर्वांत शेवटी लावावा, तोही व्यवस्थित ताठ बसून. अर्ध्या तासाने मागची काच नीट दिसेनाशी झाली, तर आरसा हलवू नये. आरसा जागेवरच असतो. आपण खाली घसरलेले असतो.

टॉवेलची गुंडाळी

ज्या गाडीत कंबरेचा आधार कमी-जास्त करण्याची सोय नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती नाही, तिथे घरातला हात पुसण्याचा टॉवेल पुरतो. त्याची गुंडाळी करून दोन्ही टोकांना रबर लावावे आणि ती पट्ट्याच्या वरच्या पोकळीत, आडवी ठेवावी. माकडहाडामागे किंवा बरगड्यांमागे नव्हे. जाडीबाबत लोभ धरू नये. आधार आहे हे जेमतेम जाणवावे. तो आपल्याला पुढे ढकलत असेल, तर एक घडी कमी करावी. टॉवेलचा मोठा गुण असा, की तो दररोज बदलता येतो. बाजारातली साडेसातशेची उशी आवडली नाही तरी पैसे दिलेत म्हणून आपण ती वापरत राहतो.

बाजारात मिळणाऱ्या वस्तूंपैकी पाचर म्हणावी अशा आकाराची घट्ट फोमची गादी मात्र काही गाड्यांत उपयोगी पडते. बैठक मागे खोलगट असेल, तर मागून जाड आणि पुढे पातळ होत जाणारी ही गादी कटिभाग उचलून धरते. माकडहाडच दुखत असेल, तर मागे खाच असलेली गादी घ्यावी. टॅक्सीत दिसणारी लाकडी मण्यांची चटई उन्हाळ्यात पाठीला हवा देते, एवढेच तिचे काम. कंबरेला ती काहीच देत नाही. गादी कोणतीही असो, तिने आपण वर उचलले जातो, हे विसरू नये. आरसे, पट्टा आणि हेडरेस्ट पुन्हा जुळवावे लागतात. सीटच्या कडेतच एअरबॅग असलेल्या गाडीवर साधे कव्हर चढवणे तर धोक्याचेच, कारण ते एअरबॅगची वाट अडवू शकते.

मग उरतात रस्त्याचे हादरे. बसलेल्या माणसाचे धड उभ्या दिशेने सेकंदाला साधारण चार ते सहा कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देते आणि खडबडीत रस्त्यावरून धावणारी गाडी नेमकी याच टापूतले हादरे देत असते. युरोपीय संघाने २००२ मध्ये कामगारांना बसणाऱ्या अशा कंपनांवर मर्यादा घातली. आपल्या पावसाळ्यातल्या रस्त्यांना ती लावून पाहण्याचे धाडस कोणी करू नये! आपल्या हाती असलेली गोष्ट म्हणजे टायर. मायलेजच्या मोहाने पंपावर 'दोन पॉइंट जास्त' भरून घेतलेली हवा टायर टणक करते आणि प्रत्येक खड्डा थेट कंबरेत पोहोचवते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा टायर थंड असताना पाळावा. थकलेले शॉक अॅब्सॉर्बर वेळीच बदलावेत. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला घरी नेताना त्याला 'ऐसपैस' म्हणून मागे बसवले जाते. मागच्या चाकांवर बसणारे धक्के पाहता पुढची सीट अधिक बरी.

सीट कितीही उत्तम असली, तरी चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. हालचालीने दाब कमी-जास्त होतो, त्यावर तिचे पोषण अवलंबून असते. म्हणून दुखऱ्या कंबरेच्या माणसाने पाऊण-एक तासाने थांबून दोन-चार मिनिटे चालावे. उतरताना पाठ न पिळता दोन्ही पाय एकत्र बाहेर वळवावेत. आणि मुक्कामी पोहोचताच डिकीतली जड बॅग उचलण्याची घाई करू नये. दीर्घकाळ बसल्याने कण्याचे अस्थिबंध ताणून सैल झालेले असतात. पाच मिनिटे फेऱ्या मारून मग सामानाला हात लावावा, किंवा ते काम मुलांवर सोपवावे.

काही लक्षणांपुढे सीट जुळवण्याला अर्थ उरत नाही. पाऊल लुळे पडत असेल, तळव्याला बधिरपणा असेल, तर ब्रेक किती दाबला याचा अंदाज चुकतो. अशा वेळी गाडी चालवू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. जांघेच्या भागात बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. स्नायू सैल करणाऱ्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्यांनी झोप येते, हे औषधाच्या दुकानात विचारून घ्यावे.

नवी गाडी घेणाऱ्यांनी शोरूममधल्या दहा मिनिटांच्या फेरीवर निर्णय घेऊ नये. किमान अर्धा तास, खराब रस्त्यावरून, नेहमीची पादत्राणे घालून गाडी चालवावी. सीटची उंची आणि स्टेअरिंगचे अंतर बदलते का, हे आधी पाहावे. घरात पती-पत्नी दोघेही चालवत असतील, तर दोघांनीही ही फेरी मारावी आणि विक्रेत्याने घाई केली, तरी शेवटी गाडीतून उतरून कंबर कशी सरळ होते, ते पाहूनच किमतीची बोलणी सुरू करावीत.