दारोदार मागितलेला हक्क

विवाहाचा हक्क आणि लोकशाही : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकेचा मार्ग पाहिला. जून २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला. त्याच्या महिनाभर आधी, २२ मे रोजी, आयर्लंडने हा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवला होता. सार्वमताने असे विवाह मान्य करणारा तो जगातला पहिला देश ठरला. ६२ टक्के मतं बाजूने पडली.

ज्या देशात कॅथलिक चर्चचा शब्द घराघरात चालायचा, तिथे हे घडलं. पुरुषांमधले समलिंगी संबंध हा आयर्लंडमध्ये १९९३ पर्यंत गुन्हा होता. कायदे ब्रिटिश राजवटीतले, आपल्या दंड संहितेतल्या ३७७ कलमाचे सख्खे भाऊ. डेव्हिड नॉरिस यांनी १९८८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयात खटला जिंकला, तरी कायदा बदलायला आणखी पाच वर्षं गेली. घटस्फोटाला तर १९९५ च्या सार्वमतात जेमतेम नऊ हजार मतांच्या फरकाने मंजुरी मिळाली होती.

मग मन वळलं कसं? माझ्या मते याचं मोठं श्रेय मतदानाआधीच्या तयारीला आहे. सरकारने एक घटना परिषद नेमली होती. शंभर जणांची: ६६ सामान्य नागरिक सोडतीसारख्या पद्धतीने निवडलेले, ३३ राजकारणी आणि एक अध्यक्ष. त्यांनी दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ ऐकले, गटागटाने टेबलाभोवती बसून चर्चा केली आणि एप्रिल २०१३ मध्ये ७९ टक्क्यांनी विवाहाच्या बाजूने कौल दिला. सभागृहात एकमेकांवर ओरडणाऱ्या पुढाऱ्यांना अनोळखी गृहिणीशेजारी, शेतकऱ्याशेजारी बसून बोलावं लागतं, तेव्हा चर्चेचा सूर बदलतो. असं व्यासपीठ आपल्याकडे कधी उभंच राहिलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

दुसरी गोष्ट मुलांची. विरोधकांचा सगळा भर तिथेच होता. मुलाला आई आणि वडील दोघंही हवेत, असं त्यांचे फलक सांगत. हा मुद्दा लोकांच्या काळजाला भिडणारा होता आणि तो मांडणारे सगळेच द्वेषाने बोलत होते, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण दत्तक आणि पालकत्वाचा स्वतंत्र कायदा एप्रिल २०१५ मध्येच झाला होता. त्यामुळे मतपत्रिकेवर फक्त दोन प्रौढांच्या विवाहाचा प्रश्न उरला.

पाठिंबा सगळ्या मोठ्या पक्षांचा होता, निदान कागदावर. फियाना फॉल पक्षाच्या सिनेटर ॲव्हरिल पॉवर यांनी मतदानानंतर लगेच पक्ष सोडला; आपल्याच सहकाऱ्यांनी प्रचारात अंग राखलं, हा त्यांचा आक्षेप. खरं ओझं उचललं ते घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि सर्वसाधारण कुटुंबांनी. आईवडील आपल्या मुलामुलींसाठी मत मागत होते. आयर्लंडमध्ये परदेशस्थांना सहसा टपालाने मत देता येत नाही, म्हणून परदेशी गेलेली हजारो तरुण माणसं विमानांनी, बोटींनी मतदानासाठी घरी आली.

याच काळात, जानेवारी २०१५ मध्ये, आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. दोन वर्षांनी ते देशाचे पंतप्रधान झाले.

निकालात ४३ मतदारसंघांपैकी फक्त एकाने, रॉसकॉमन-साउथ लीट्रिमने, नकार दिला, तोही थोडक्यात. चर्चने आता वास्तव ओळखलं पाहिजे, अशी कबुली डब्लिनचे आर्चबिशप डायरमुइड मार्टिन यांनी दिली.

या विजयाचं कौतुक करताना एक गोष्ट मला सलत राहते. शेजाऱ्याला न मागता मिळालेला हक्क काही नागरिकांना दारोदार जाऊन, स्वतःचं खासगी आयुष्य उलगडून, अनोळखी माणसांकडून मागावा लागला. कुठे दार तोंडावर बंद झालं असेल, तर ते दुःख ६२ टक्क्यांच्या आकड्यात दिसत नाही.

भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय कायदेमंडळाचा असल्याचं सांगितलं. त्याआधी, २०२२ मध्ये, खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. आपल्याकडे घटनादुरुस्तीसाठीसुद्धा सार्वमत लागत नाही. म्हणजे जबाबदारी निवडून दिलेल्या खासदारांवर येते, आणि बहुतेक पक्ष यावर ठाम बोलायला तयार नाहीत.

तैवानमध्ये २०१८ च्या सार्वमतात बहुमत विरोधात गेलं, तरी सहा महिन्यांत कायदा झाला. तो कसा, ते पुढच्या आठवड्यात.