गुंठ्याएवढा ठिपका
रोजचं सॉफ्टवेअर : भाग सहावा

सॉफ्टवेअर म्हटलं की बोट हिंजवडीकडे जातं. बारामतीकडे वळलंच, तर विषय राजकारणाचा असणार, हे ठरलेलं. २०२५च्या सुरुवातीला मात्र मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी बारामतीच्या उसाचा व्हिडिओ एक्सवर टाकला, त्यावर इलॉन मस्क यांनी एका ओळीत दाद दिली आणि ‘एआयचा ऊस’ बातम्यांमध्ये गाजला. हे सॉफ्टवेअर नेमकं करतं काय, हा प्रश्न त्या गाजावाजात मागेच पडला.

बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांना सोबत घेऊन हा प्रयोग सुरू केला. त्याच्या मुळाशी ‘फार्मव्हाइब्स’ नावाचा प्रकल्प आहे. त्याची सुरुवात होते आकाशातून. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात आणि जमिनीचं चित्र घेतात. त्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद तुकडा, शंभर चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे उपग्रहाला शेत दिसतं ते जवळजवळ गुंठ्या-गुंठ्याने. एकराला चाळीस ठिपके. युरोपच्या अभियंत्यांनी गुंठ्याचं नावही ऐकलं नसेल, पण हिशेब बरोबर जुळला आहे.

हिरवंगार पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. पीक मलूल झालं की हे प्रमाण बिघडतं. सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्याचं प्रमाण काढून नकाशा रंगवतं, पीक मलूल तिथे लाल. अडचण बांधावर येते. वाटण्या होऊन होऊन शेताच्या पट्ट्या झाल्या असतील, तर एकाच ठिपक्यात अर्धा ऊस आपला, अर्धा भावकीचा!

दुसरी अडचण ढगांची. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमधली, आणि नेमक्या त्याच काळात आभाळ भरलेलं. म्हणून फार्मव्हाइब्समध्ये ‘स्पेसआय’ नावाचा भाग आहे. ढगांतून आरपार जाणाऱ्या रडारची चित्रं सेंटिनेल-१ उपग्रहाकडून येतात. ती आणि आधीची स्वच्छ चित्रं जोडून हा भाग ढगाखालचं शेत कसं दिसत असेल, याचा अंदाज बांधतो. अंदाजच तो, पण कोऱ्या चित्रापेक्षा कितीतरी बरा. त्यात शेतातल्या हवामान केंद्राची आणि मातीत पुरलेल्या सेन्सरची माहिती मिसळते, आणि मग मोबाइलवर सल्ला येतो.

मायक्रोसॉफ्टने २०२२मध्ये फार्मव्हाइब्सचा कोड गिटहबवर खुला केला. तंत्रवेड्या पोरांना याचं कोण कौतुक! ते योग्यही आहे. पण कोड फुकट मिळाला म्हणून काम भागत नाही. तो चालवायला दणकट संगणक लागतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्या मातीतली, आपल्या वाणाची हंगामाहंगामाची नोंद लागते. को ८६०३२ कसा वाढतो, हे कोडला जन्मतः ठाऊक नसतं. ती नोंद ठेवणारी संस्था गावात असणं ही बारामतीची खरी जमेची बाजू.

शिवाय ठिपका लाल झाला म्हणजे काय झालं, हे चित्र सांगत नाही. पाणी कमी पडलं असेल, लोह कमी पडून केवडा आला असेल किंवा हुमणी लागली असेल. हुमणीची पांढरी, अर्धगोल वळलेली अळी मुळं कुरतडत जमिनीखाली बसलेली असते. ती बघायची तर ठोंब उपटून माती झटकावी लागते. हे काम अजून माणसाचंच आहे.

बारामतीने हा धडा वीस वर्षांपूर्वीच गिरवला होता. २००३मध्ये आयआयटी मुंबईने ‘आक्वा’ नावाचा प्रश्नोत्तरांचा मंच उभा केला. शेतकऱ्याने मराठीत प्रश्न टाकायचा, जमल्यास रोगट पानाचा फोटो जोडायचा, आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांनी उत्तर द्यायचं. ते उत्तर तिथेच साठून राहायचं, म्हणजे पुढच्याला तोच प्रश्न पडला तर शोधून सापडावं. किसान कॉल सेंटर सुरू झालं २००४मध्ये. जगभरचे प्रोग्रामर ज्याच्यावर विसंबून राहिले ते स्टॅक ओव्हरफ्लो तर २००८चं. देवनागरी टाइप करणं हाच एक उपद्व्याप होता, त्या काळातली ही गोष्ट. सॉफ्टवेअर म्हणून त्यात फार जादू नव्हती. पलीकडे उत्तर द्यायला डाळिंब आणि ऊस ओळखणारा माणूस बसलेला होता, म्हणून त्याचा उपयोग झाला. आजच्या एआयच्या जाहिरातीत हा माणूस दिसत नाही, आणि तीच तिची लबाडी.

उसाशी खेळणारं सॉफ्टवेअरही आहे. स्वित्झर्लंडच्या जायंट्स कंपनीचा ‘फार्मिंग सिम्युलेटर’ २००८पासून निघतोय. २०१७मध्ये त्यात ऊस आला. गंमत म्हणजे त्यात खोडवाही आहे: एकदा लावा, तोडा, पुन्हा फुटतो. खेळणारे लोक स्वतः ट्रॅक्टर आणि शेतं तयार करून एकमेकांना वाटतात, हे या खेळाचं सगळ्यात मोठं बळ. पण यात पाटाचं आवर्तन नाही, मुकादम नाही, आणि कारखान्याची तोड कधी येणार म्हणून तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या मागे फिरणंही नाही. ऊस तयार झाला की हार्वेस्टर घालायचा. माळेगाव किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या कुठल्याही सभासदाला ही शेती परवडेल.

खेळातून जे वगळलंय, तेच बारामतीशेजारच्या इंदापुरात खऱ्या सॉफ्टवेअरच्याही आवाक्याबाहेर आहे. नीरा डाव्या कालव्याच्या टेलला असलेल्या शेतात ठिपका लाल होतो, मोबाइल वाजतो आणि ‘पाणी द्या’ म्हणतो. पाणी द्यायला हवं हे शेतकऱ्याला मोबाइलच्या आधी कळलेलं असतं. आवर्तन कधी सुटणार आणि वरच्या गावांनी उपसून टेलपर्यंत किती उरणार, हा निर्णय ना उपग्रहाचा, ना अॅपचा. विहीर आणि ठिबक असलेल्याला तोच सल्ला सोन्यासारखा. ज्याची भिस्त फक्त पाटावर, त्याच्या हाती नुसती सूचना.

पुढच्या भागातही इंदापूर तालुक्यातच राहू, पण उसातून बाहेर पडून उजनीच्या फुगवट्यावर. भिगवण-कुंभारगावच्या पाण्यात रोहित पक्षी उतरले की त्यांची मोजदाद अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘ईबर्ड’वर कशी पोहोचते आणि त्यात होडीवाल्यांचा वाटा किती, ते पाहू.