मे महिन्याचे शेवटचे दहा दिवस यंदा धरू नका : मालवणच्या उन्हाळ्याचं बदललेलं गणित

मालवण : शिमग्याला आलेले चाकरमानी परत गेले. गाडीत बसताना जवळपास प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला गेला असणार, "मे म्हयन्यात कधी येतलंस?" आणि उत्तरही ठरलेलंच असतं, "शेवटच्या आठवड्यात जमवतंय."

हा जो शेवटचा आठवडा आहे ना, त्याच्याबद्दलच आज लिहायचं आहे. कारण आमच्याकडचे निम्मे कार्यक्रम या एका शब्दावर ठरतात. देवळाचा वर्धापन दिन, वाडीची सत्यनारायणाची पूजा, क्रिकेटचं मैदान, लग्नं, झालंच तर जमिनीची वाटणी. आणि गेल्या वर्षी याच आठवड्याने सगळ्यांना भिजवलं.

बाहेरून येणाऱ्याला मालवण म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीचा किनारा आणि माशाचं ताट. मे महिन्यात तो येतो तेव्हा त्याला वाटतं, गाव कायम असंच गजबजलेलं असतं. तसं नाही. पावसाळ्यात आमच्या वाडीत संध्याकाळी सातनंतर माणूस दिसत नाही. निम्मी घरं कुलपातच असतात. ती उघडतात वर्षातून दोनदा, गणपतीत आणि मे महिन्यात.

आता कोणी म्हणेल, मग वाडीचे कार्यक्रम गणपतीत का करत नाहीत? नाही होत. गणपतीत प्रत्येकाच्या घरी स्वतःचा गणपती असतो. आरत्या, भजनं, पाहुणे, गौरीचा ओवसा यात माणूस घरात अडकलेला असतो. शिवाय बाहेर धो धो पाऊस आणि शेतात उभं भात. दहा घरच्या माणसांना एका जागी बसवून देवळाच्या छपराचा खर्च कसा करायचा हे बोलायला मे महिनाच लागतो. त्यामुळे वरून करमणूक दिसत असली तरी मे महिन्यातले कार्यक्रम ही गावाची वार्षिक सभाच असते. पूजेला सगळे जमतात, तीर्थप्रसाद होतो, बायकांच्या फुगड्या होतात, रात्री डबलबारी भजनाचा सामना रंगतो, आणि मधल्या वेळेत वहीवर हिशेब होतो. कोणाची वर्गणी राहिली, पाण्याच्या पंपाचं बिल कोण भरणार, सामायिक वाटेवर कोणी गडगा घातला, सगळं तिथेच निघतं. भांडणंही तिथेच होतात आणि मिटतातही तिथेच, कारण दुसऱ्या दिवशी नाटकाला खुर्च्या लावायला तेच हात लागतात.

दशावताराचंही तसंच. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की कंपन्या बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडापर्यंत गावोगाव फिरतात. राजाचं काम करणारा माणूस जूनमध्ये आपल्या शेतात नांगर धरून असतो, हे आम्हाला नवीन नाही. म्हणजे त्या कंपनीलाही मे अखेरीच्या आत आपल्या तारखा संपवायच्या असतात. मैदानाचं सांगायचं तर भात कापल्यावर मळे मोकळे होतात, तिथेच टेनिस चेंडूचं क्रिकेट चालतं. मळा ओला झाला की खेळ संपला. मग तिथे चेंडू टाकायचा नाही, बियाणं टाकायचं.

त्याच महिन्यात दुसरं काम

हे झालं वरचं चित्र. खाली दुसरं काम चालू असतं, ते पाहुण्यांच्या फारसं नजरेत येत नाही. त्याला आम्ही आगोट म्हणतो, म्हणजे पावसाळ्याची बेगमी.

कौलं परतायची. लाकूडफाटा मांगरात नेऊन टाकायचा. सुकट, सोडे, खारा बांगडा डब्यात भरायचा, कारण १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बंदी लागण्याआधी बोटी किनाऱ्यावर ओढायच्या, जाळी धुऊन सुकवून ठेवायची. रापणीची दोरी ओढायला जितके हात लागतात तितकेच होडी वर घ्यायला लागतात, आणि ते हात मे अखेरीस लग्नाच्या मांडवात असले तर होडीवाल्याने काय करायचं? आंबापोळी, फणसपोळी, मसाला, पापड, सगळं उन्हाच्या भरवशावर.

सगळ्यात नाजूक काम कोकमाचं. आमच्याकडे फळाला भिरंड म्हणतात, रत्नागिरीकडे रातांबा. ते एप्रिलपासून पिकायला लागतं, पण खरा माल मे महिन्यात येतो. फळ फोडायचं, आतला गर आणि बी वेगळी काढायची. गराला मीठ लावून रस सोडवायचा. साल त्या रसात बुडवायची, उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा टाकायची. याला पुटं देणं म्हणतात. अशी चार-पाच पुटं झाली की काळंभोर आमसूल तयार. कडक ऊन असेल तर आठवड्याभरात काम होतं. मध्ये एक दिवस ढग आले की साल चिकट होते, दोन दिवस पाऊस लागला की बुरशी धरते आणि मग ते गुरांपुढेही टाकता येत नाही. आमसूल आणि आगळ विकून येणारा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो. त्यातूनच जूनमध्ये पोरांच्या वह्या, छत्र्या येतात. पूजेचा स्वयंपाक, पाहुण्यांचा चहा आणि कोकमाची पुटं, या तिन्ही ठिकाणी एकच बाई उभी असते. कार्यक्रमाची तारीख ठरवताना बाप्ये बसतात, तिला कोणी विचारत नाही. हे मी माझ्या घरचंच सांगतो आहे.

गेल्या वर्षी काय झालं

तळकोकणात मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, असा आपला सगळ्यांचा हिशेब. २०२५ मध्ये तो २५ मे रोजीच कोकणात दाखल झाला. २६ तारखेला तर मुंबईतही पोहोचला. आणि हे झालं कागदावरचं आगमन. आमच्याकडे २० मे च्या आसपासच अवकाळीने जी झड लावली ती पुढे खऱ्या पावसालाच जाऊन मिळाली. मध्ये ऊन असं पडलंच नाही.

आमच्या वाडीची पूजा त्याच आठवड्यात होती. मंडप भिजला, माईक बंद पडला. भजनी बुवांनी देवळाच्या पडवीत बसून कसाबसा एक गजर केला. नाटकवाले आले होते, पण रंगमंचावर पाणी. त्यांचा टेम्पो मळ्याच्या वाटेवर रुतला तो सकाळी पोरांनी ढकलून काढला. त्यांना ठरलेले पैसे दिले, कारण त्यांचा त्यात काय दोष? आमच्या गच्चीवरचं कोकम दोन पुटांवर होतं. ताडपत्री घातली, आतून घाम सुटला आणि सगळं गेलं. आमची आई तेव्हा एवढंच म्हणाली, "पाऊस इलो तो इलो, तुमी वायंच आदी कित्या नाय ठरवलास?" तिला उत्तर देता आलं नाही.

शेताचं नुकसान वेगळंच. रोहिणी नक्षत्र २५ मे च्या सुमारास लागतं. त्या वेळी जमीन कोरडी असताना भाताची धूळवाफ पेरणी करायची ही आपली रीत. गेल्या वर्षी धूळच राहिली नाही. ज्यांनी आधी पेरलं होतं ते सुटले. बाकीच्यांना चिखल करून, मोड आणलेलं बियाणं टाकून रहू पद्धतीने रोपं करावी लागली.

एखादं वर्ष असं जातं म्हणून सोडून द्यावं, तर मागचं आठवा. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. तेव्हा माडाची झाडं पडली, आंबा गेला, बोटी फुटल्या. कोरोनामुळे कार्यक्रमच नव्हते म्हणून मंडप उडाले नाहीत, इतकंच.

समुद्राची तारीख पंचांगात नसते

आणखी एक गोष्ट आहे, जी मुंबईहून येणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. किल्ल्यावर जाणारी होडी आणि पाण्यातले खेळ मे अखेरीस, साधारण २५-२६ तारखेला बंद होतात, ते ३१ ऑगस्टपर्यंत. म्हणजे २८ मे ला पोरांना घेऊन उतरलात तर किल्ला धक्क्यावरूनच बघावा लागेल. किल्ल्यात राहणारी मोजकी कुटुंबं आहेत, त्यांनाही पावसाळ्याचं सामान आधीच भरून ठेवावं लागतं. पाण्याची मात्र त्यांना चिंता नाही, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी भर समुद्रात आहेत.

या दिवसांत समुद्र वरून शांत दिसतो, पण खालून ओढ सुरू झालेली असते. मच्छीमार "पाण्याक ओढ हा" म्हणाला की गुडघ्याच्या पुढे जायचं नाही, एवढं पाहुण्यांना सांगणं आपलं काम आहे. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला तर प्रश्नच मिटला.

यंदा पंचांगही तेच सांगतं आहे

२०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे. तो १७ मे ला सुरू होतो आणि १५ जूनपर्यंत चालतो. त्या महिन्यात लग्न, मुंज, वास्तुशांत आपल्याकडे करत नाहीत. म्हणजे मुहूर्ताची कामं १६ मे च्या आत उरकायला हवीत, नाहीतर ती थेट पावसात जातील. सत्यनारायणाची पूजा अधिक महिन्यात चालते, उलट पुण्याची मानतात. म्हणूनच मला भीती आहे. लग्नं सगळी पुढे ओढली जातील आणि पूजा, नाटक, डबलबारी पुन्हा मे अखेरीला ढकलली जातील, "तेव्हा मांडव मोकळे असतात" म्हणून.

ज्या देवळाचा वर्धापन दिन वैशाखातल्या तिथीला आहे त्यांना अडचण नाही, त्यांची तारीख यंदा १६ मे च्या आतच पडते. ज्यांची तिथी ज्येष्ठ शुद्धात आहे त्यांनी मात्र आताच गुरुजींना विचारून घ्यावं. निज ज्येष्ठ सुरू होतो तोच जूनच्या मध्याला. गेल्या वर्षी हेच दिवस मे अखेरीपासून सुरू झाले होते. तिथी हलवता येत नाही हे खरं, पण धार्मिक विधी तिथीला करून मंडपाचा कार्यक्रम आधी घेणारी गावं आपल्याकडे आहेत. देव रागावल्याचं ऐकलं नाही.

राहिला प्रश्न येणाऱ्यांचा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे, त्याआधी १२० दिवस होते. ८ मे ला निघायचं तर तिकीट ९ मार्चला निघतं. गाडी भरली तर मग रस्ता, खाजगी बस आणि तिचे मे महिन्यातले भाव. गावाने तारीख एप्रिलमध्ये कळवायची आणि चाकरमान्यांनी यायचं, हे आता जमणारं नाही. तारीख शिमग्यातच ठरली पाहिजे. या वर्षी अनेक वाड्यांनी ती ठरवली नाही. माझ्याकडे निरोप येतात ते "बघूया" असेच आहेत.

काहींचं म्हणणं, मेच्या पहिल्या पंधरवड्यात रजा मिळत नाही, पोरांचे क्लास असतात. असेल. ज्यांना खरंच जमत नाही त्यांनी गणपतीत यावं, यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, तोवर पाऊसही ओसरू लागलेला असतो. नारळी पौर्णिमाही ऑगस्टअखेरीस, म्हणजे मासेमारी सुरू होऊन जवळजवळ महिना उलटल्यावर. पण घरी राहणाऱ्यांचं ऊन कोणी परत देत नाही, हेही चाकरमान्यांनी ध्यानात घ्यावं.

तारीख काहीही ठेवा, फोनमध्ये हवामान खात्याचं 'मौसम' आणि विजेसाठी 'दामिनी' ही दोन ॲप घालून ठेवा. दोन्ही फुकट आहेत. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. मंडपात लोखंडी खांब, उघड्या वायरी आणि वर गडगडाट असेल तर कितीही रंगलेला सामना असो, माईक बंद करून लोकांना पक्क्या छपराखाली न्या. बुवा समजून घेतात. कोकम गच्चीवर असेल तर सकाळी ॲप बघूनच पसरा आणि दुपारी तीननंतर उघड्यावर ठेवू नका, वळवाचा पाऊस बहुधा त्यानंतरच येतो.

आमच्या वाडीची बैठक गेल्या रविवारी झाली. या वेळी दोन वयनी आणि आमची आई बसली होती. तासभर वाद झाला, शेवटी शनिवार ९ मे ठरली. भजनाच्या एका बुवांची ती रात्र मोकळी आहे, दुसऱ्यांना फोन लावणं चालू आहे. नाटकाची तारीख अजून मिळालेली नाही.