मागे रेलून चालविण्याची तीनचाकी

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. मी काही लेखक नव्हे. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर उमेद घालविलेला माणूस. तेव्हा हातून घडलेल्या एका कामाचीच हकिकत येथे देतो. सभासदांपैकी पुष्कळांच्या घरी वृद्ध माणसे आहेत. त्यांपैकी कोणास तिचा उपयोग झाला तर श्रम सार्थकी लागले असे समजेन.

आमचे थोरले बंधू दादा रोज संध्याकाळी सायकलने संस्थेच्या वाचनालयात येत. बहात्तराव्या वर्षी मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झाली. पायांत बळ होते, पण तोल राहीना. डॉक्टरांनी दोन चाके बंद केली. रिक्षा होती, मुले होती. परंतु "कोणी नेईल तेव्हा जायचे" हे दादांना मानवेना. ते घरीच बसू लागले. तेव्हा मी तीनचाकी बांधावयास घेतली.

पाठीला टेका देऊन, पाय पुढे पसरून पायडल मारण्याची ही कल्पना नवी नाही. फ्रान्समध्ये शार्ल मोशे यांनी अशी रेलून चालविण्याची दुचाकी बांधली होती. तीवर बसून फ्रान्सिस फोर याने १९३३ साली पॅरिस येथे एका तासात ४५ किलोमीटरांहून अधिक अंतर कापले. पुढल्याच वर्षी सायकलींच्या आंतरराष्ट्रीय संघाने अशा गाड्या शर्यतींच्या विक्रमांतून वगळल्या. आम्हांस विक्रम करावयाचा नव्हता. पुढे दोन चाके, मागे एक व मध्ये बैठक, एवढाच आमचा आराखडा.

माझी पहिली चूक अशी की, मी आधी मोटारीचाच विचार केला. दादांचे गुडघे आखडलेले, म्हणून बैठक सोयीसाठी जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच ठेवली आणि गाडी दारातून जावी म्हणून पुढील चाकांत ६५ सेंटिमीटरच अंतर ठेवले. मैदानावर पहिल्याच वळणाला आतले चाक उचलले व दादा गाडीसकट कलंडले. दुखापत झाली नाही, पण महिनाभर त्यांनी गाडीकडे पाहिले नाही. दोष त्यांचा नव्हता, माझ्या मापांचा होता.

दुचाकी वळणावर आत कलते. तीनचाकी कलत नाही. म्हणून तिचे सारे स्थैर्य दोन मापांवर अवलंबून असते : चाकांतील रुंदी आणि माणसासह गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची. शिवाय भार पुढील आसाच्या जितका जवळ, तितके बरे. कारण मागे एकच चाक असल्याने गाडीचा पाया मागे निमुळता होत जातो. माझ्या पहिल्या गाडीचा गुरुत्वमध्य सुमारे ७० सेंटिमीटरांवर होता. हिशेब केला, तर ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ती ताशी १४ किलोमीटरांनाच उलटावयाची. दुसरीत बैठक ३८ सेंटिमीटरांवर आणली व रुंदी ८० केली. गुरुत्वमध्य ५५ वर आला आणि तीच मर्यादा ताशी १७ वर गेली. एवढ्या खटाटोपाने वेग तीन किलोमीटरांनीच वाढला, हे ध्यानात घ्यावे. सारांश, वळणापूर्वी वेग कमी करणे कोणत्याही गाडीत सुटत नाही.

याची परीक्षा गणिताशिवायही होते. बैठकीवर माणसाच्या वजनाची वाळूची पोती, माणसाच्या उंचीचा अदमास घेऊन, घट्ट बांधावीत. गाडी मजबूत फळीवर आडवी उभी करून फळीची एक बाजू हळूहळू उचलावी. दोघांनी गाडी धरून राहावे. वरचे चाक कितव्या अंशाला सुटते ते पाहावे. पहिली गाडी १७ अंशांना सुटली असती, दुसरी २५ पर्यंत टिकली. माणूस बसविण्याआधी पोती बसवावीत, हा धडा मी उशिरा शिकलो. बैठक खाली गेल्यामुळे उठण्याची अडचण झाली, ती दोन्ही बाजूंस पाइपाच्या मुठी लावून व उठताना दाबून ठेवता येणारा ब्रेक बसवून दूर केली.

सुकाणूचे काम नाजूक आहे. वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळले पाहिजे, नाहीतर टायर घासत जातात. पुढील चाकांचे सुकाणूदांडे असे तिरपे ठेवावेत की त्यांच्या रेषा मागे वाढविल्यास मागील आसाच्या मध्यावर मिळतील. ही युक्ती घोडागाड्यांसाठी निघाली व १८१८ साली आकरमन यांनी इंग्लंडात तिचे पेटंट घेतले. पुढील दोन्ही चाकांना ब्रेक हवेत व ते सारखेच लागले पाहिजेत, नाहीतर गाडी एका बाजूस ओढते. चाके २० इंची घ्यावीत. वळणावर आडवा जोर येतो, तो लहान चाक चांगला सोसते. पावले बधिर असल्यास टाचेला आधार व पट्टा असलेली पायडलेच बसवावीत. पाय घसरून जमिनीला लागला, तर चालती गाडी त्यावरून पुढे जाते.

आता मोटार. माणसासह ११५ किलो वजन वीसास एक अशा चढावर ताशी १२ किलोमीटरांनी नेण्यास सुमारे २०० ते २२० वॅट लागतात. म्हणजे मागील चाकात बसणारी लहान मोटार पुरे. ब्रेक दाबताच तिचा प्रवाह तुटला पाहिजे व बॅटरीजवळ फ्यूज हवा. केंद्रीय नियमांत २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या व ताशी २५ किलोमीटरांपेक्षा कमी वेगाच्या विजेच्या वाहनांस सवलत आहे, परंतु तिच्या अटींत चाचणी संस्थेची मान्यताही येते. म्हणून मोटार लावून रस्त्यावर येण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

आमची चौकशी चालू आहे. तोवर मोटार मी काढून ठेवली आहे. पण गंमत अशी की, दादांचे तिच्यावाचून अडले नाही. दुचाकी फार हळू चालविली तर पडते. तीनचाकीस ते भय नाही. हलका गिअर लावून, चालत्या माणसाच्या गतीने ते चढ चढतात, दमले की ब्रेक लावून तेथेच बसतात. मागे उंच काठीला लाल निशाण लावले आहे, म्हणजे मोटारवाल्यांस बुटकी गाडी दुरून दिसते.

मोजमापांचा कागद वाचनालयात ठेवला आहे. ज्यांस हवा त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावे. दादा तेथेच असतात, आणि माझी पहिली गाडी कशी उलटली हे ते माझ्यापेक्षा रंगवून सांगतात.