मोटारींतील दोन साक्षीदार

पूर्वींच्या मोटारींत अॅक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनापर्यंत पोलादी तार गेलेली असे. पेडल दाबलें कीं तार ओढली जाई, हवेच्या वाटेवरील थ्रॉटलची झडप उघडे आणि गाडी वेग घेई. पेट्रोलच्या बहुतेक नव्या मोटारींत आतां ही तार उरलेली नाहीं. पायाची आज्ञा विजेच्या संदेशानें जाते. ही योजना कशी चालते व तिची निगा कशी राखावी, हें आम्ही थोडक्यांत सांगणार आहों.

पेडल किती दाबलें गेलें हें मोजणाऱ्या साधनास सेन्सर म्हणतात. पेडलपाशीं असे दोन सेन्सर असतात. त्यांस सामान्यतः ५ व्होल्टचा पुरवठा होतो, आणि पुष्कळ गाड्यांत एकाचा व्होल्ट दुसऱ्याच्या दुप्पट राखलेला असतो. गाडींतील संगणक दोहोंची तुलना करून मगच विजेच्या छोट्या मोटरकरवीं झडप हालवितो. झडप खरोखर किती उघडली, हें कळविण्यास तिच्यापाशींही दोन सेन्सर असतात. पवित्र शास्त्रांत न्यायनिवाड्यास किमान दोन साक्षीदार सांगितले आहेत. तोच नियम येथें! साक्ष जुळली नाहीं तर संगणक सूचनेचा दिवा लावतो व इंजिनाची शक्ति कमी करतो. गाडी हळूहळू घरीं पोंचते, पण भरधांव सुटत नाहीं.

म्हणून तो दिवा कसातरी विझविणें म्हणजे साक्षीदाराचें तोंड दाबणें होय. कुशल कारागीर आधीं बॅटरी, वायरींचे जोड, त्यांत शिरलेलें पाणी व गंज पाहतो. मग पेडल सावकाश दाबून दोन्ही व्होल्ट मध्येंच न तुटतां चढतात कीं नाहीं, तें तपासतो. सेन्सर बदलण्याची गोष्ट त्यानंतरची. झडपेवर काजळी सांचल्यास चावी काढून, त्यासाठींच मिळणाऱ्या द्रवानें व मऊ फडक्यानें ती पुसावी. झडप बोटानें बळेंच उघडूं नये. आंतील दांतेरी चाकें मोडण्याचें भय असतें. पुष्कळ गाड्यांत यानंतर झडपेची मिटलेली स्थिति संगणकास पुन्हां शिकवावी लागते.

पालकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. २००९ सालीं अमेरिकेंत टोयोटा कंपनीच्या सुमारें ३८ लाख मोटारी दुरुस्तीसाठीं परत बोलाविण्यांत आल्या. कारण पायाखालची मॅट सरकून पेडल अडकण्याचा संभव होता. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या नासाच्या तपासांत मोठी वेगवाढ घडविणारा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नाहीं. दोन साक्षीदार पेडल दाबलेलें आहे एवढेंच सांगतात. दाबणारा पाय आहे कीं मॅट, हें त्यांस कळत नाहीं. यासाठीं मॅट तिच्या आंकड्यांस नीट अडकविलेली आहे ना, हें गाडींत बसतांना मुलांनींही पाहावें. पेडल अडकलेंच तर ब्रेक घट्ट दाबून गिअर न्यूट्रलमध्यें टाकावा.