किनारा एक, शब्द तीन

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. अशा गावच्या विद्यार्थ्यास समुद्राची पहिली ओळख बहुधा पुस्तकातूनच व्हावयाची. इंग्रजी पाठात कोस्ट, शोअर आणि बीच हे शब्द आले, म्हणजे तिहींपुढे ‘किनारा’ हा एकच अर्थ लिहिला जाण्याचा संभव फार. हा अर्थ चुकीचा नव्हे. परंतु अपुरा खास आहे.

कोस्ट म्हणजे समुद्रालगतचा प्रदेश. मूळ लॅटिन ‘कोस्टा’ या शब्दाचा अर्थ बरगडी अथवा बाजू. देशाची समुद्राकडील सबंध बाजू, तीवरील गावे, बंदरे व बागा यांसह, या शब्दाने दर्शविली जाते. शोअर म्हणजे पाणी आणि भूमी जेथे भेटतात ती कड. ती सरोवरासही असते. बीच हा शब्द तेथील वाळूचा किंवा गोट्यांचा उतार सांगतो. सोळाव्या शतकात तर लाटांनी झिजलेल्या गोट्यांनाच हे नाव होते. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत पसरली आहे ती कोस्ट. गिरगावची चौपाटी ही बीच. आणि शेजारच्या मरीन ड्राइव्हला शोअर आहे, पण वाळू नसल्यामुळे बीच नाही.

हा भेद देशावरील माणसास परका वाटण्याचे कारण नाही. भीमाकाठचा मुलूख, चंद्रभागेचा काठ आणि पंढरीचे वाळवंट या तीन गोष्टी मराठी मनुष्य कधीच एक मानीत नाही. समुद्राच्या बाबतीतही किनारपट्टी, किनारा आणि पुळण असे तीन शब्द मराठीत सिद्धच आहेत. ते योग्य जागी योजिले म्हणजे झाले.

ही केवळ कोशकारांची चर्चा नव्हे. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस भूमीवर आले, तेव्हा रायगड जिल्ह्यात पुळणीमागील वाड्यांतील नारळी-पोफळी उन्मळून पडल्या आणि घरांची छपरे उडाली. वादळाच्या सूचनेतील ‘किनारा’ म्हणजे केवळ वाळू असे समजणारा मनुष्य पुळणीवरून घरी परतला, की स्वतःस सुरक्षित मानील. सूचना मात्र त्याच्या घरासाठीही असते. कारण तेथे अभिप्रेत असते ती बीच नव्हे, कोस्ट.