क्रॉस कंट्रीकडून स्टीपलचेसकडे : अविनाश साबळेच्या शर्यतीचा मागोवा

तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये धावपटूला साधारण साडेसात फेऱ्यांत 35 अडथळे पार करावे लागतात. त्यांतले 28 कोरडे असतात आणि 7 पाण्याच्या खड्ड्यापुढचे. पुरुषांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची 91.4 सेंटिमीटर असते. हर्डल्सच्या शर्यतीतला अडथळा पायाचा धक्का लागला की आडवा होतो. स्टीपलचेसचा जाडजूड ओंडका मात्र जागचा हलत नाही. पाय अडकला तर पडतो तो धावपटूच.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे या शर्यतीत उतरला तो 2017 मध्ये. तोवर त्याची ओळख क्रॉस कंट्रीचा धावपटू अशी होती आणि तीही मुख्यतः लष्करातच. 13 सप्टेंबर 1994 चा त्याचा जन्म. आष्टीचा परिसर पर्जन्यछायेतला. एक पीक हाती लागले तर लागले, नाहीतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जायचे, हे इथल्या अनेक घरांचे वर्षाचे गणित. साबळेचे आईवडीलही शेती आणि वीटभट्टीवरची मजुरी यांवरच घर चालवत. शाळा सुमारे 6 किलोमीटरवर होती आणि तिथे पायी किंवा पळत जावे लागे. त्या धावण्याला कोणी खेळ म्हणत नव्हते. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये भरती झाला. सियाचीन, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. 2015 मध्ये लष्करांतर्गत क्रॉस कंट्री स्पर्धांमधून तो शर्यतीच्या वाटेला लागला. पुढे दुखापत झाली, वजन वाढले. ते जवळपास 20 किलोंनी उतरवून तो पुन्हा उभा राहिला.

क्रॉस कंट्री म्हणजे शेतातून, चढउतारांवरून, चिखलातून धावणे. तिथे दोन पावले सहसा सारखी पडत नाहीत. गती मोडते, पुन्हा धरावी लागते. स्टीपलचेसमध्येही दर 70-80 मीटरला नेमके हेच करायचे असते. लष्करातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी साबळेला ही शर्यत सुचवली, आणि त्याच्या वाटचालीतला सर्वांत नेमका निर्णय हाच म्हणावा लागेल. दम आणि पायातले बळ हाताशी होतेच. शिकायचे होते ते अडथळ्याशी येणारे तंत्र.

त्या तंत्राची खरी परीक्षा पाण्याच्या उडीत लागते. अडथळ्याला लागूनच 3.66 मीटर लांबीचा खड्डा असतो. तो अडथळ्याच्या बाजूला सर्वांत खोल आणि पुढे चढत जाऊन धावपट्टीला मिळतो. जो लांब उडी घेतो तो उथळ पाण्यात उतरतो. ज्याची उडी तोकडी पडते त्याला गुडघ्याकडे येणाऱ्या पाण्यातून स्वतःला ओढून काढावे लागते. म्हणून धावपटू एक पाय ओंडक्यावर टेकवतो, त्याच पायाने मागे रेटा देतो आणि दुसरा पाय खड्ड्याच्या काठाजवळ टाकतो. ओंडक्यावर उंच उभे राहिले तर वेग जातो, फार वाकले तर तोल जातो. पहिल्या फेरीत हे सोपे वाटते. सातव्या वेळी भिजलेले बूट आणि थकलेल्या मांड्या घेऊन तेच करायचे असते.

2018 मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे जकार्ताच्या आशियाई खेळांची संधी हुकली. त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वरच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत त्याने 8 मिनिटे 29.80 सेकंदांची वेळ दिली. गोपाळ सैनी यांनी 1981 मध्ये टोकियोत नोंदवलेला 8:30.88 चा विक्रम 37 वर्षांनी मोडला. नव्या शर्यतीत येऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते.

2019 च्या दोहा जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत इतरांच्या धक्काबुक्कीत त्याची लय दोनदा तुटली. तरीही 8:25.23 असा नवा राष्ट्रीय विक्रम झाला. भारताने तक्रार नोंदवली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत घेण्यात आले. तिथे तो 13 वा आला, पण 8:21.37 या वेळेने टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळाली. 1952 च्या हेलसिंकीनंतर, म्हणजे गुलझारासिंग मान यांच्यानंतर, या शर्यतीत ऑलिंपिकला जाणारा तो पहिला भारतीय पुरुष. टोकियोत त्याने 8:18.12 अशी विक्रमी वेळ दिली, पण अंतिम फेरी हुकली.

दरम्यान सपाट धावणेही सुटले नव्हते. नोव्हेंबर 2020 मध्ये दिल्ली अर्धमॅरेथॉन त्याने 1 तास 30 सेकंदांत पूर्ण केली. 61 मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. मे 2022 मध्ये अमेरिकेत 5000 मीटरमध्ये 13:25.65 ची वेळ देऊन बहादूर प्रसाद यांचा 1992 चा विक्रम मागे टाकला. प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्या हाताखाली कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर केलेला सराव याच काळातला.

वेळ चांगली असणे आणि शर्यत खेळता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जुलै 2022 मध्ये युजीनच्या जागतिक स्पर्धेत दिसले. शर्यत संथ झाली, शेवटच्या फेरीत वेग एकदम वाढला आणि साबळे 8:31.75 वेळेसह 11 वा राहिला. तीनच आठवड्यांनी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल खेळांत चित्र पालटले. 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाच नेत होता. 6 ऑगस्टला साबळे केनियाच्या धावपटूंना चिकटून राहिला, शेवटच्या सरळ रेषेत एकेकाला गाठत गेला आणि 8:11.20 मध्ये रौप्य घेऊन थांबला. सुवर्ण जिंकणाऱ्या अब्राहम किबिवोटची वेळ होती 8:11.15. फरक एका सेकंदाच्या विसाव्या भागाचा.

2023 मध्ये बुडापेस्टला तो प्राथमिक फेरीतच बाहेर पडला. पण 1 ऑक्टोबरला हांगझोऊच्या आशियाई खेळांत त्याने पुढाकार घेऊन जवळजवळ एकट्यानेच शर्यत ओढली आणि 8:19.50 या स्पर्धाविक्रमासह सुवर्ण मिळवले. आशियाई खेळांत स्टीपलचेसचे सुवर्ण जिंकणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. त्याच खेळांत 5000 मीटरचे रौप्यही आले.

महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातून हा शर्यतबदल त्याच्याआधीही एकदा घडला होता. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबरने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांचे विजेतेपद लागोपाठ तीनदा मिळवले आणि 2014 मध्ये ती स्टीपलचेसकडे वळली. त्याच वर्षी इंचॉनला आशियाई कांस्य, 2015 ला आशियाई अजिंक्यपद आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी, तिथे दहावे स्थान. लांब पल्ल्याचा पाया आणि उशिरा शिकलेला अडथळा, हा क्रम दोघांचाही सारखाच आहे. ललिताच्या कामगिरीची आठवण साबळेच्या मानाने कमी निघते, हे योग्य नाही.

7 जुलै 2024 रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये साबळेने 8:09.91 ची वेळ दिली. राष्ट्रीय विक्रम त्याने मोडला तो दहाव्यांदा. भुवनेश्वरपासून सहा वर्षांत 19.89 सेकंद कमी झाले. महिनाभराने ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावणारा तो पहिला भारतीय पुरुष स्टीपलचेसपटू झाला आणि 8:14.18 वेळेसह 11 वा आला.

मे 2025 मध्ये दक्षिण कोरियातील गुमी इथे त्याने आशियाई अजिंक्यपद जिंकले. भारताला या शर्यतीचे ते सुवर्ण 1989 मधल्या दीना राम यांच्यानंतर मिळत होते. जुलैमध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीवर तो पडला. गुडघ्याच्या अस्थिबंधाला इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा त्याच्याविना झाली.